हौशी गोल्फरचा वर्षाचा हिशेब: पैसा नेमका कुठे जातो?

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु तो महाग का, असे विचारले की बहुतेकांना प्रथम काठ्यांची किंमत आठवते. नामांकित कंपनीचा नवा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, अमेरिकेत ६०० डॉलरच्या आसपास पडतो, आणि आयात शुल्क व जीएसटी चढल्यावर आपल्याकडे तोच पन्नास-साठ हजारांवर जातो. एका काठीला एवढे पैसे म्हटल्यावर कोणाचेही डोळे विस्फारणारच. प्रत्यक्षात नियमित खेळणाऱ्या हौशी माणसाच्या वर्षभराच्या खर्चात साहित्याचा वाटा बहुधा किरकोळ असतो. मोठा वाटा जातो तो मैदानावर पाऊल ठेवण्याचा हक्क मिळवण्यासाठी, आणि हा हक्क ज्या गावात ज्या पद्धतीने वाटला जातो, त्यावर त्या गावातल्या गोल्फचा खर्च ठरतो.

हौशी म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण खर्चाशी त्याचा थेट संबंध आहे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था, म्हणजे ब्रिटनमधील आर अँड ए आणि अमेरिकेतील यूएसजीए, यांनी १ जानेवारी २०२२ पासून हौशीपणाचे नियम बरेच सैल केले. हॅंडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या जादा फटक्यांची, सवलत न घेता खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत हौशी खेळाडू आता १,००० डॉलरपर्यंतचे बक्षीस घेऊ शकतो आणि त्याला प्रायोजकही चालतो. पण प्रायोजक मिळण्याइतका चांगला खेळणारा शेकड्यात एकही नसतो. उरलेल्या सर्वांसाठी हौस म्हणजे स्वतःच्या खिशातला पैसा, आणि या लेखात त्यांचाच विचार केला आहे.

आता जमिनीकडे वळू. अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे, असलेल्या पूर्ण लांबीच्या कोर्सला (मैदानाला) साधारण १२० ते १८० एकर जागा लागते. दादरचे शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे आहे. म्हणजे मध्यम आकाराच्या एका कोर्सात पाच शिवाजी पार्क सहज मावतील. शिवाजी पार्कवर एकाच सकाळी क्रिकेटचे कितीतरी सामने आणि नेट शेजारी-शेजारी चालतात, कडेने चालायला आलेल्यांची गर्दी असते ती वेगळीच. गोल्फचे तसे नाही. पहिल्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, चौघांचा एक गट निघाला की पुढचा गट आठ-दहा मिनिटांनी सोडला जातो. दहा मिनिटांचे अंतर धरले, तर तासाला २४ खेळाडू सुटतात, आणि अंधार पडण्यापूर्वी सर्वांना परतायचे असल्याने दिवसातले आठेक तासच गट सोडता येतात. अगदी एकही जागा रिकामी गेली नाही, तरी दिवसाला १९२ माणसे खेळतात. दीडशे एकर जमीन, तिची निगा राखणारे माळी, पंप, यंत्रे आणि क्लबहाउस यांचा सारा भार या दोनशेच्या आतल्या माणसांवर पडतो.

त्यातही ग्रीन, म्हणजे जिथे झेंडा रोवलेला असतो तो गालिच्यासारखा गवताचा तुकडा, हा देखभालीतला सर्वांत खर्चिक भाग. तिथले गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर ठेवण्यासाठी जवळजवळ रोज कापावे लागते, आणि एवढ्या आखूड कापलेल्या गवताला रोग चटकन लागतो. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये पाण्याची चणचण आणि जुलैत गवताची बेसुमार वाढ, अशा दोन्ही टोकांना तोंड द्यावे लागते. पाण्यासाठी अनेक कोर्स आता प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर अवलंबून असतात, आणि ते पाणी आणण्याची, साठवण्याची व्यवस्थाही फुकट होत नाही.

जागेचा हक्क वाटण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत दर फेरीचे पैसे द्यायचे आणि खेळून घरी जायचे. याला ग्रीन फी म्हणतात. दुसरीत क्लबाचे सभासद व्हायचे, प्रवेश शुल्क एकरकमी भरायचे आणि पुढे दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी देत राहायचे. अमेरिकेत सुमारे १६,००० कोर्स आहेत आणि त्यांतील जवळपास तीन चतुर्थांश पहिल्या पद्धतीने कोणालाही खुले आहेत. भारतात चित्र बरेचसे उलटे आहे: चांगले कोर्स बहुतांश सभासदांच्या क्लबांकडे किंवा लष्कराकडे आहेत, आणि पैसे भरून कोणालाही खेळता येईल अशी मैदाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गोल्फ अमेरिकेत मध्यमवर्गाला परवडतो आणि आपल्याकडे परवडत नाही, याचे कारण पगारांतल्या फरकाइतकेच या व्यवस्थेतही आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत चाळिशीनंतर गोल्फची गोडी लागलेली माणसे आढळतात. अशा एखाद्या माणसाच्या वर्षाचा अंदाजे हिशेब मांडून पाहू. पुढचे आकडे कोणत्या पाहणीतले नाहीत. तिकडच्या सर्वसाधारण दरांवरून केलेली ती आकडेमोड आहे. समजा, तो एप्रिल ते ऑक्टोबर या काळात नगरपालिकेच्या किंवा काउंटीच्या मैदानावर २५ फेऱ्या खेळतो. फेरीला ४५ डॉलर धरले, तर ग्रीन फीचेच १,१२५ डॉलर झाले. त्यांतल्या निम्म्या फेऱ्या तो चालत खेळतो आणि बारा फेऱ्यांना २० डॉलर देऊन कार्ट, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, घेतो, त्याचे २४०. सरावासाठी ड्रायव्हिंग रेंजवर चेंडूंच्या वीस बादल्या, १२ डॉलरप्रमाणे आणखी २४०. प्रशिक्षकाचे तीन तास २४०. हॅंडिकॅपच्या नोंदणीचे ४०. हातमोजे वर्षाला तीन, त्यांचे ४५. मध्यम प्रतीचे पन्नास चेंडू हरवतात, त्यांचे १२५. बुटांचा जोड दोन वर्षे टिकतो असे धरून वर्षाचे ६०. नऊ होल झाल्यावरचे सँडविच आणि थंड पेय याकडे कोणी लक्ष देत नाही, पण फेरीला १० डॉलर धरले तरी त्याचे २५० होतात. शेवटी काठ्या: १,६०० डॉलरचा संच आठ वर्षे वापरला, तर वर्षाला २००. बेरीज २,५६५ डॉलर, म्हणजे फेरीमागे सुमारे १०३.

या बेरजेत काठ्यांचा वाटा आठ टक्क्यांहूनही कमी आहे, आणि खाण्यापिण्यावर त्याहून जास्त गेले आहे. अर्थात हे चित्र बिघडवणे खेळाडूच्याच हाती असते. दरवर्षी नवा ड्रायव्हर आणि तीन वर्षांनी नवे आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या, घेणारी माणसे कमी नाहीत, आणि तसे केले की साहित्याचा खर्च पाच-सहा पट होतो. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदाच काठ्या ठेवता येतात; १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही मर्यादा आली नसती, तर या छंदाचा काही धरबंदच राहिला नसता. माझ्या मते फेरीला लागणारे फटके शंभरावरून नव्वदच्या घरात आणण्यासाठी झगडणाऱ्याला नव्या ड्रायव्हरपेक्षा त्याच पैशांत प्रशिक्षकाचे सात-आठ तास कितीतरी अधिक उपयोगी पडतात. पण काठी विकत घेता येते आणि सवय मात्र घडवावी लागते, त्यामुळे दुकानदाराचे बरे चालते.

आता त्याच गावातल्या खासगी क्लबाचा सभासद घेऊ. समजा, त्याने ३०,००० डॉलर प्रवेश शुल्क भरले आणि तो दहा वर्षे सभासद राहिला, तर वर्षाचे ३,००० झाले. वार्षिक वर्गणी ८,००० डॉलर. अमेरिकी क्लबांत बहुधा जेवणाखाण्याची किमान रक्कम ठरलेली असते. ती खर्च केली नाही तरी बिलात लागते, तिचे १,२०० धरू. एकूण १२,२००. तो वर्षाला ४० फेऱ्या खेळला, तर फेरीमागे ३०५ डॉलर पडतात. शंभर खेळला, तर १२२, म्हणजे नगरपालिकेच्या मैदानावर खेळणाऱ्याच्या खर्चाच्या बरेच जवळ. क्लबाचा खर्च असा स्थिर असल्यामुळे सभासदाला पैसे वसूल करायचे तर सारखे खेळावे लागते, आणि सारखे खेळायला मिळते ते निवृत्तांना किंवा ज्यांना कार्यालयात कोणी जाब विचारत नाही त्यांना. म्हणूनच केवळ वर्षाची रक्कम विचारून काही कळत नाही. फेरीमागे किती, हा प्रश्न विचारला की खरी गोष्ट पुढे येते.

महाराष्ट्रात चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. शिवाय मुंबईचा विलिंग्डन, पुण्यात येरवड्याजवळचा क्लब, अशी जुनी नावे आहेत. या क्लबांचे सभासदत्व मिळणे ही केवळ पैशांची बाब नसते. प्रतीक्षायादी असते, सूचक-अनुमोदक लागतात, आणि दिल्ली गोल्फ क्लबासारख्या ठिकाणी तर रांगेत दशके निघून जातात. ज्याला ते मिळते, त्याचा हिशेबही वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो. समजा, एखाद्याने दहा लाख रुपये प्रवेश शुल्क भरले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी दिला. हे ११ लाख ८० हजार रुपये परत मिळत नाहीत. तीच रक्कम बँकेत मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवली असती, तर वर्षाला ८२,६०० रुपये व्याज आले असते. बहुतेक सभासद हे शुल्क ‘एकदाच भरायचे होते, भरून टाकले’ असे म्हणून विसरतात. परंतु ते व्याज दरवर्षी बुडत असते आणि छंदाच्या खर्चात ते धरलेच पाहिजे.

त्यावर दरमहा ४,००० रुपये वर्गणी, वर्षाचे ४८,०००. आठवड्याला एक-दोन प्रमाणे वर्षाच्या ६० फेऱ्या धरल्या आणि पिशवी उचलणाऱ्या कॅडीला बक्षिसीसह ६०० रुपये दिले, तर ३६,००० होतात. १२० चेंडू, दीडशे रुपयांप्रमाणे १८,०००. फेरीनंतर क्लबहाउसमध्ये नाश्ता, चहा, कधी बियर मिळून ४०० रुपये, त्यांचे २४,०००. घर ते क्लब पेट्रोल ३०० रुपयांप्रमाणे १८,०००. काठ्यांचा ८०,००० रुपयांचा संच आठ वर्षांत विभागून १०,०००, बूट आणि मोजे ८,०००, स्पर्धांची प्रवेशिका १०,०००. सगळे मिळून २,५४,६०० रुपये, म्हणजे फेरीमागे सुमारे ४,२४० रुपये. ज्याला हे सभासदत्व वीस-तीस वर्षांपूर्वी थोडक्या पैशांत मिळाले, त्याचा खर्च १,७२,००० वर येतो आणि फेरी २,८७० रुपयांच्या आसपास पडते. एकाच टीवर शेजारी उभ्या असलेल्या दोन सभासदांच्या खर्चात असा मोठा फरक असू शकतो, आणि दोघांपैकी कोणालाही तो जाणवत नाही.

या हिशेबात कॅडीची ओळ अमेरिकेच्या तुलनेत ठळक दिसते. तिकडे सार्वजनिक मैदानावर माणूस आपली पिशवी आपणच ओढतो किंवा कार्टमध्ये टाकतो. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत कॅडी हा खेळाचाच भाग असतो. तो पिशवी उचलतो, ग्रीनवर चेंडू पुसून देतो, उतार कुठे आहे ते सांगतो आणि साहेबांचा फटका झाडीत गेला की नेमका कुठे गेला हेही त्यालाच ठाऊक असते. काही ठिकाणी पुढे जाऊन चेंडूवर नजर ठेवणारा ‘आगेवाला’ वेगळा घेण्याची पद्धत आहे. कॅडीला मिळणारा मोबदला फेरीवर असतो, त्यामुळे पावसाळ्यात मैदान बंद राहिले की त्याची कमाईही थांबते. खेळाडूच्या खर्चातला जो थोडा पैसा थेट आसपासच्या वस्तीत पोचतो, तो मुख्यतः या वाटेने.

चेंडू हा या खेळातला सर्वांत गमतीचा खर्च आहे. नियमानुसार तो ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान असता कामा नये. एवढ्याशा वस्तूसाठी माणसे वरच्या दर्जाच्या डझनाला अमेरिकेत ५५ डॉलर मोजतात आणि आपल्याकडे तोच एकेक चेंडू ४०० ते ५०० रुपयांना पडतो. असा चेंडू पहिल्याच होलवर तळ्यात जातो तेव्हा खेळाडूचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मग जुन्या चेंडूंचा बाजार उभा राहतो. तळ्यांतून, रानातून गोळा केलेले चेंडू धुऊन, कंपनी आणि अवस्था पाहून वेगळे करून विकले जातात. अमेरिकेत पाणबुडे नेमून ते काढण्याचा व्यवसाय चालतो आणि आपल्याकडे कोर्सच्या कुंपणापाशी एखादा मुलगा प्लॅस्टिकच्या पिशवीतून निवडक चेंडू पुढे करतो. प्रत्येक खेळाडू आपला चेंडू ओळखण्यासाठी त्यावर मार्करने ठिपके किंवा आद्याक्षर काढतो, त्यामुळे विकत घेतलेल्या पिशवीत तीन-चार अनोळखी लोकांच्या खुणा असतात, आणि क्वचित आपलीही एखादी निघते. मधल्या फळीच्या खेळाडूला नव्या महागड्या चेंडूने फारसा फरक पडत नाही, म्हणून चेंडूंचा खर्च निम्म्यावर आणणे हा काटकसरीचा सर्वांत सोपा उपाय आहे.

खेळ चांगला झाला म्हणूनही पैसे जातात. एका फटक्यात चेंडू होलमध्ये गेला, तर त्या दिवशी क्लबहाउसमध्ये हजर असलेल्यांना पेय पाजण्याचा रिवाज जगभर आहे. जपानमध्ये तो इतका वाढला की मेजवानी, भेटवस्तू आणि आठवण म्हणून झाड लावणे यांसाठी खेळाडू होल-इन-वनचा विमा उतरवतात. सामान्य हौशी खेळाडूला असा फटका साधण्याची शक्यता साडेबारा हजारांत एक असल्याचे सांगितले जाते; तरीही लोक हप्ते भरतात.

जागेचा हक्क स्वस्त असेल तर काय होते, याचे उत्तम उदाहरण स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गाव आहे. गोल्फचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या तिथल्या ओल्ड कोर्सवर २०२५ च्या उन्हाळी हंगामात पाहुण्याला एका फेरीचे ३४० पौंड पडत, आणि तेवढे देऊनही अनेकांना चिठ्ठीत नाव निघण्याची वाट पाहावी लागते. पण ही जमीन सार्वजनिक आहे. १९७४ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यान्वये स्थापन झालेला ट्रस्ट तिचा कारभार पाहतो, आणि गावच्या रहिवाशाला काहीशे पौंडांच्या वार्षिक पासवर वर्षभर खेळता येते. रविवारी ओल्ड कोर्स बंद ठेवून गावकऱ्यांना फिरायला मोकळा सोडतात. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचा बेथपेज ब्लॅक हाही असाच: २००२ आणि २००९ ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा तिथे झाली, अमेरिका आणि युरोप यांच्यातला २०२५ चा रायडर कपही झाला, तरी राज्याच्या रहिवाशाला बाहेरच्या माणसाच्या निम्म्याहून अधिक पैसे द्यावे लागत नाहीत. नंबर लागावा म्हणून लोक आदल्या रात्री गाडीतच झोपतात. याउलट कॅलिफोर्नियातील खासगी मालकीच्या पेबल बीचवर एका फेरीला ६०० डॉलरहून जास्त लागतात. खेळ तोच, होलही अठराच. बदलली ती फक्त जमिनीची मालकी.

‘हौशी गोल्फर वर्षाला सरासरी किती खर्च करतो’ या प्रश्नाला ठिकठिकाणी वेगवेगळे आकडे दिलेले आढळतात, त्याचे कारणही यातच आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ८१ लाख लोक प्रत्यक्ष कोर्सवर खेळले, असे तिथल्या नॅशनल गोल्फ फाउंडेशनचे म्हणणे आहे. त्यांत वर्षातून एकदा मेव्हण्याबरोबर गेलेला माणूसही आहे आणि दोन क्लबांचा सभासदही. शंभर माणसांतले पाच जण प्रत्येकी वीस हजार डॉलर खर्च करत असतील आणि पंचाण्णव जण पाचशे, तर सरासरी १,४७५ निघते, आणि तेवढा खर्च करणारा त्या शंभरात एकही नसतो. कोर्सवर कधीच न जाता केवळ ड्रायव्हिंग रेंजवर किंवा पडद्यासमोरच्या सिम्युलेटरवर खेळणारे कोट्यवधी लोक यात धरले, तर आकडा आणखी खाली घसरतो.

शिवाय बराच खर्च खेळाडूच्या खिशातून जातच नाही. भारतात कित्येक वरिष्ठ अधिकाऱ्यांचे सभासदत्व कंपनीच्या नावावर असते आणि शनिवारची फेरी ग्राहकाबरोबर झाली की तिचे बिल कार्यालयात जाते. अमेरिकेत करमणुकीच्या अशा खर्चाचा निम्मा भाग कंपनीला पूर्वी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. २०१७ च्या करकायद्याने २०१८ पासून ती सवलत काढून घेतली. गोल्फ त्यामुळे थांबला नाही. फक्त पैसे आता पूर्ण कर भरून द्यावे लागतात.

ज्याला हा खेळ नव्याने सुरू करायचा आहे, त्याने पहिल्या वर्षी सभासदत्वाच्या वाटेला न जाणेच इष्ट. वापरलेला अर्धा संच, म्हणजे एक लाकडी (लांब फटक्याची काठी), चार-पाच आयर्न, एक वेज (उंच, आखूड फटक्याची) आणि पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याची), वर्षभर पुरतो, आणि निदान पहिले तीन-चार महिने तरी रेंजवरच जायला हवेत. खारघरला सिडकोने उभारलेल्या कोर्ससारख्या ठिकाणी पैसे भरून खेळता येते. अन्यत्र एखाद्या सभासदाचा पाहुणा म्हणून जावे लागते आणि पाहुण्याचा दर सभासदापेक्षा बराच चढा असतो. बऱ्याच क्लबांत हॅंडिकॅपचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय बाहेरच्या माणसाला खेळू देत नाहीत. ते मिळवण्यासाठी जितक्या फेऱ्या खेळाव्या लागतील, तेवढ्यांचे पैसे पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच बाजूला काढून ठेवावेत.